आधीच्या भागाची पुण्याई

सोनी कंपनीचा ‘व्हेनम’ ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेत लागला. थिएटरांतून उतरला तेव्हा अमेरिका आणि कॅनडा मिळून त्याचा गल्ला झाला होता २१ कोटी ३५ लाख डॉलर. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१मध्ये, त्याचा पुढचा भाग आला, ‘व्हेनम : लेट देअर बी कार्नेज’. त्याचाही तिथला गल्ला भरला २१ कोटी ३५ लाख डॉलर. दोन्ही आकड्यांत फरक होता जेमतेम पस्तीस हजार डॉलरचा. मधल्या काळात महासाथीने जगभरची थिएटरं बंद पाडली होती, दिग्दर्शक बदलला होता. रूबेन फ्लायशर यांच्या जागी अँडी सर्किस आले होते. तरीही टॉम हार्डीच्या त्या काळ्या, लाळगळ्या राक्षसासाठी अमेरिकेत तिकीटबारीवर जवळपास तेवढेच पैसे मोजले गेले.

जगाचा हिशेब मात्र फार निराळा निघाला. पहिल्या भागाची जगभरची कमाई ८५ कोटी ६० लाख डॉलर, दुसऱ्याची सुमारे ५० कोटी ७० लाख. घरच्या बाजारात इतका सारखा धंदा करणाऱ्या दोन चित्रपटांमध्ये ३५ कोटी डॉलरची दरी पडली, आणि ती सगळीच्या सगळी अमेरिकेबाहेर पडली. पहिल्या ‘व्हेनम’ला एकट्या चीनने जवळपास २७ कोटी डॉलर दिले होते. सोनीने तिथे या राक्षसाची जाहिरातच गोंडस, प्रेमळ सोबती म्हणून केली आणि ती तुफान चालली. दुसरा भाग चीनमध्ये प्रदर्शितच झाला नाही.

सुपरहिरोपटांच्या पुढच्या भागांचं अर्थकारण समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगी आहे. कारण वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर झळकणारा ‘जगभरात अमुक कोटी’ हा एकच आकडा दोन वेगवेगळ्या कहाण्या पोटात घेऊन बसलेला असतो. एक घरची, एक बाहेरची. या दोन कहाण्या पूर्वी स्वतंत्रपणे चालायच्या. गेल्या काही वर्षांत त्या एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि हॉलिवुडच्या आजच्या काळजीचं मूळ त्यात आहे.

आधी थोडा हिशेब. हॉलिवुडच्या वहीत ‘देशांतर्गत’ म्हणजे अमेरिका अधिक कॅनडा. भारत, चीन, ब्रिटन, मेक्सिको, ब्राझील हे सगळे ‘आंतरराष्ट्रीय’ रकान्यात. जाहीर होणारा आकडा तिकीटबारीवर जमलेल्या पैशाचा असतो, निर्मात्याच्या हाती पडलेल्या पैशाचा नव्हे. अमेरिकेत तिकिटाच्या पैशातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा स्टुडिओकडे येतो. इतर देशांत ढोबळमानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास. चीनमध्ये मात्र २०१२च्या करारानुसार पंचवीस टक्के. म्हणजे ‘व्हेनम’ने चीनमध्ये जमवलेल्या २७ कोटींतले सोनीच्या पदरात पडले असतील ते पावणेसात कोटींच्या घरातले. अमेरिकेत तेवढेच पैसे मिळवायला तेरा कोटींचाही गल्ला लागला नसता. एक डॉलर आणि दुसरा डॉलर या धंद्यात सारखे नसतात, आणि मथळ्यांमध्ये हे कधीच दिसत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पहिल्या आठवड्याची. अमेरिकेत चित्रपट शुक्रवारी लागतो. पण गुरुवारी दुपार-संध्याकाळपासूनच खेळ सुरू होतात आणि ते पैसे शुक्रवारच्या खात्यात धरले जातात. शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून ‘ओपनिंग’. चित्रपटाची अखेरची कमाई या ओपनिंगच्या किती पट झाली यावरून तो टिकला की कोसळला हे कळतं. तिप्पट झाली तर लोकांना आवडला. दुप्पट झाली तर पहिल्या तीन दिवसांत जे आले तेच, पुढे कुणी कुणाला ‘बघ’ म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या भागाच्या बाबतीत या गणिताला आणखी एक अर्थ आहे. पहिल्या शुक्रवारी प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा त्याने नवा चित्रपट पाहिलेलाच नसतो. तो येतो आधीच्या भागाच्या भरवशावर. त्यामुळे ओपनिंगचा आकडा ही बव्हंशी आधीच्या भागाची पुण्याई असते. नव्या भागाची स्वतःची कमाई सुरू होते ती दुसऱ्या शुक्रवारपासून.

याचं एक जुनं आणि स्वच्छ उदाहरण ‘बॅटमॅन’चं. टिम बर्टन यांचा ‘बॅटमॅन’ जून १९८९मध्ये आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने ४ कोटी ५ लाख डॉलर कमावले; तेव्हाचा विक्रम. शेवटी अमेरिकेतला गल्ला गेला २५ कोटी १० लाखांवर, म्हणजे ओपनिंगच्या सहापटीहून जास्त. त्या काळी अमेरिकेत तिकीट सरासरी चार डॉलरचं होतं, म्हणजे सहा कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. तीन वर्षांनी ‘बॅटमॅन रिटर्न्स’ आला. दिग्दर्शक बर्टनच, बॅटमॅन मायकेल कीटनच. पहिल्या तीन दिवसांत त्याने ४ कोटी ५७ लाख जमवून आधीचे विक्रम मोडले. वॉर्नर ब्रदर्समध्ये त्या सोमवारी आनंदीआनंद असणार. पण अखेरचा आकडा १६ कोटी २८ लाखांवर अडकला. साडेतीनपट.

काय झालं होतं? डॅनी डेव्हिटोचा पेंग्विन तोंडातून काळपट द्रव गाळत होता, मासे कच्चे खात होता. मॅकडॉनल्ड्सने लहान मुलांच्या ‘हॅपी मील’सोबत या चित्रपटाची खेळणी दिली होती. ती घेऊन आईबाप मुलांना थिएटरात घेऊन गेले आणि चिडून बाहेर आले. तक्रारी झाल्या. पुढच्या भागासाठी बर्टन यांच्याऐवजी जोएल शूमाकर आले, चित्रपट रंगीबेरंगी झाला, ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ने १८ कोटी ४० लाख मिळवले, आणि १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने गाडी १० कोटी ७० लाखांवर आणून मालिकाच बंद पाडली. बॅटमॅन परत यायला आठ वर्षं जावी लागली. त्यातही २००५च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ला अमेरिकेत साडेवीस कोटींच्या आसपासच मिळाले, कारण पहिल्या दिवशी आलेला प्रेक्षक शूमाकर यांच्या चित्रपटाची आठवण घेऊन आला होता. क्रिस्टोफर नोलन यांच्या कामाचं खरं फळ पुढच्या भागाने खाल्लं. ‘द डार्क नाइट’ जुलै २००८मध्ये पहिल्या तीन दिवसांत १५ कोटी ८४ लाखांवर गेला, अमेरिकेत एकूण ५३ कोटींवर आणि जगभरात शंभर कोटी डॉलरपार. जोकर साकारणारा हीथ लेजर त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. त्याचं शेवटचं मोठं काम पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात होते.

हे झालं घरचं. बाहेरच्या बाजाराची चाल दिसते ती सॅम रायमी यांच्या ‘स्पायडरमॅन’मध्ये. एका शनिवार-रविवारात दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा पहिला चित्रपट म्हणजे २००२चा ‘स्पायडरमॅन’. त्याच्या तीन भागांची अमेरिकेतली कमाई अशी: आधी ४० कोटी ३७ लाख, मग ३७ कोटी ३६ लाख, मग ३३ कोटी ६५ लाख. प्रत्येक भागाला उतार. आता अमेरिकेबाहेरची पाहा: जवळपास ४१ कोटी ८० लाख, मग ४१ कोटी ५० लाख, आणि तिसऱ्या भागाला एकदम ५५ कोटी ८० लाख. घरी तिसरा भाग लोकांना आवडला नव्हता. ओपनिंग तीन भागांत सगळ्यात मोठं, १५ कोटी ११ लाख, पण एकूण कमाई त्याच्या सव्वादोनपटच. बाहेरच्या प्रेक्षकांना या नाराजीशी देणंघेणं नव्हतं. सोनीने मे २००७च्या पहिल्या आठवड्यात तो जगभर एकदमच लावला. भारतात इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही. अमेरिकेतली कुरकुर पाटणा-गोरखपूरच्या एकपडदा थिएटरांपर्यंत पोहोचण्याआधी धंदा होऊन गेला होता.

पुढे ही गोष्ट नियमासारखी झाली. २०१२चा ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ आणि २०१४चा त्याचा दुसरा भाग घ्या. अमेरिकेत २६ कोटी २० लाखांवरून २० कोटी ३० लाखांवर घसरण. बाहेर मात्र ४९ कोटी ६० लाखांवरून ५० कोटी ६० लाखांवर. घरी गमावलं ते सगळं नाही तरी थोडं बाहेर भरून निघत होतं. जगभर मॉल उभे राहत होते, मल्टिप्लेक्स वाढत होते, थ्रीडीची महाग तिकिटं खपत होती. ज्या देशांत पहिला भाग शंभर पडद्यांवर लागला होता तिथे तिसऱ्या भागासाठी पाचशे पडदे तयार होते. पुढचा भाग चांगला आहे की वाईट, हा प्रश्न त्या वाढीत बुडून जात होता.

चीनने ही वाढ कुठल्या कुठे नेली. २०१२मध्ये चीनने महसूल वाटून घेणाऱ्या परदेशी चित्रपटांचा कोटा वीसवरून चौतीसवर नेला. वाढीव चौदा जागा थ्रीडी आणि आयमॅक्स चित्रपटांसाठी, म्हणजे जणू सुपरहिरोपटांसाठीच. २०१९ संपताना तिथे सत्तर हजारांच्या आसपास पडदे झाले होते. अमेरिकेत चाळीस हजारांच्या थोडे वर. ‘आयर्नमॅन २’ची कमाई २०१०मध्ये घरी आणि बाहेर जवळपास समसमान होती, प्रत्येकी ३१ कोटी. तीन वर्षांनी ‘आयर्नमॅन ३’ने जगभरात १२१ कोटींचा गल्ला केला, त्यातला दोन तृतीयांश बाहेरचा, त्यात चीनचा वाटा १२ कोटींचा.

या चित्रपटाची चिनी आवृत्ती निराळी होती. त्यात चार-एक मिनिटांची जादा दृश्यं होती आणि ती फक्त तिथल्याच प्रेक्षकांना दिसली. वांग श्युएची यांचे डॉक्टर वू टोनी स्टार्कच्या शस्त्रक्रियेची तयारी करतात, सोबत मदतीला फॅन बिंगबिंग ही तिथली बडी तारका. डॉक्टर वू दूध पितात, आणि ते दूध असतं चीनमधल्या एका मोठ्या डेअरीचं. ही जाहिरात पटकथेत बेमालूम न मिसळता वरवर तरंगत राहते, आणि चिनी प्रेक्षकांनीच त्यावर नाराजी व्यक्त केली. आपल्या देशाला कथेत जागा मिळते आहे की आपल्या खिशाला, हे त्यांना लगेच कळलं. ते खरं तर कुठल्याही देशाच्या प्रेक्षकाला कळतं.

तरीही गाडी चढतीवरच होती. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ एप्रिल २०१९मध्ये आला तेव्हा ती शिखरावर पोहोचली. चीनमध्ये तो अमेरिकेच्या दोन दिवस आधी लागला. अमेरिकेत गुरुवारच्या खेळांतूनच ६ कोटी डॉलर जमले, तीन दिवसांत ३५ कोटी ७० लाख. जगभर पहिल्या पाच दिवसांत १२० कोटी डॉलरच्या वर. अखेरचा आकडा सुमारे २८० कोटी डॉलर; त्यातले अमेरिकेचे ८५ कोटी ८० लाख, चीनचे जवळपास ६३ कोटी. जगाच्या दर दहा डॉलरमधले सात डॉलर बाहेरचे होते. यामागे अकरा वर्षांत साठवलेली मार्वलच्या आधीच्या एकवीस चित्रपटांची पुण्याई होती. ‘एंडगेम’ हा बाविसावा. आधीचा ‘इन्फिनिटी वॉर’ अर्ध्या नायकांना धुळीत मिळवून संपला होता आणि प्रेक्षकांना वर्षभर ताटकळत ठेवलं होतं. इतका मोठा ओढा कुठल्याही जाहिरातीने निर्माण होत नाही.

त्या आठवड्यात भारतही मागे नव्हता. जो रुसो मुंबईत येऊन गेले होते, ए. आर. रहमान यांनी हिंदी, तमिळ आणि तेलुगूत मार्वलसाठी गीत केलं होतं. २६ एप्रिलला पहिल्या दिवशी निव्वळ कमाई ५३ कोटी रुपयांच्या वर गेली, म्हणजे ‘इन्फिनिटी वॉर’च्या पहिल्या दिवसाच्या ३१ कोटींपेक्षा किती तरी पुढे. रात्रभर खेळ लावूनही तिकिटं पुरेनात. एकूण निव्वळ आकडा ३७३ कोटी रुपयांच्या आसपास थांबला. अर्थात जगाच्या हिशेबात हा वाटा सव्वादोन टक्क्यांच्या घरातला. स्वस्त तिकीट आणि थोडके पडदे यामुळे भारत हॉलिवुडच्या वहीत अजूनही लहान ओळ आहे, हे इथला उत्साह पाहून विसरायला होतं.

आणि मग साथ आली.

डिसेंबर २०२१मधला ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ हा त्या काळातला अपवादांचा अपवाद. चीनमध्ये प्रदर्शित न होता त्याने जगभरात १९० कोटी डॉलरच्या वर मिळवले. अमेरिकेतल्या ८० कोटींचा त्यात मोठा हात. घरचा वाटा बेचाळीस टक्क्यांवर गेला होता. टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड हे आधीचे दोन्ही स्पायडरमॅन त्यात परत आले, म्हणजे वीस वर्षांची पुण्याई एकाच तिकिटावर वटवली गेली. भारतात तो अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला. महाराष्ट्रात तेव्हा थिएटरं निम्म्या आसनक्षमतेनेच चालू होती. पुण्या-मुंबईत प्रत्येक खेळाला एक सोडून एक खुर्ची रिकामी. तरी पहिल्या दिवशी देशभरात ३२ कोटी रुपयांच्या पुढे निव्वळ कमाई झाली.

दुसऱ्याच दिवशी, १७ डिसेंबरला, ‘पुष्पा : द राइज’ लागला होता. त्याच्या हिंदी आवृत्तीने पहिल्या दिवशी मिळवले जेमतेम तीन कोटी. पण तो आठवड्यामागून आठवडे चालत राहिला, हिंदीत शंभर कोटींवर गेला, लोकांनी तो घरी पुन्हा पुन्हा पाहिला. डिसेंबर २०२४मध्ये ‘पुष्पा २’ आला तेव्हा हिंदीचा पहिला दिवस ७२ कोटींचा होता. पुष्पराज सुपरहिरो नव्हे, पण तीन कोटींवरून बहात्तर कोटींवर झालेली ही उडी दुसऱ्या भागाची नाही, पहिल्याचीच आहे. ‘स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडरव्हर्स’चंही असंच झालं. २०१८च्या डिसेंबरात त्या अ‍ॅनिमेशनपटाचं अमेरिकेतलं ओपनिंग साडेतीन कोटी डॉलरचं. ऑस्कर मिळालं, घरोघरी पाहिला गेला. आणि जून २०२३मध्ये पुढच्या भागाचं ओपनिंग बारा कोटींवर गेलं.

त्या पुढच्या भागाशी मराठीचं थेट नातं आहे. ‘अक्रॉस द स्पायडरव्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. चित्रपटात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन आहे, त्याचं शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांचं मिश्रण असलेलं मुंबटन. इमारतींवर इमारती चढलेल्या, मधून वाहतुकीचा लोंढा वरखाली वाहणारा, आणि रंग अगदी जुन्या स्वस्त छपाईचे, किंचित रेषेबाहेर सांडलेले. हे रूप ठरवताना कलाकारांसमोर ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होते. टाइम्स समूहाचे हे अंक १९६४पासून निघत, मराठीतही येत. वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचत मोठी झालेली एक अख्खी मराठी पिढी आहे. तिला मुंबटनमध्ये शिरताच ओळखीचं वाटावं यात नवल नाही. ‘आयर्नमॅन ३’मधल्या दुधाच्या पेल्याशेजारी हे मुंबटन ठेवून पाहावं. परक्या प्रेक्षकाला जवळ करण्याचे हे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला दुसरा अधिक कष्टाचा व अधिक प्रामाणिक आहे.

२०२३ हेच वर्ष बाकी सुपरहिरोपटांना फार जड गेलं. फेब्रुवारीत ‘अँटमॅन अँड द वास्प : क्वांटमेनिया’ आला. ओपनिंग १० कोटी ६१ लाख डॉलर, त्या मालिकेतलं सर्वांत मोठं. दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई सत्तर टक्क्यांनी आपटली आणि अमेरिकेतला एकूण गल्ला २१ कोटी ४५ लाखांवर संपला. मे महिन्यात जेम्स गन यांचा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी ३’ लागला. त्याचं ओपनिंग ११ कोटी ८४ लाखांचं, दुसऱ्या भागाच्या साडेचौदा कोटींपेक्षा बरंच कमी. ‘क्वांटमेनिया’ने मोडलेल्या भरवशाची किंमत या निरपराध चित्रपटाने पहिल्या शुक्रवारी चुकती केली, असंच म्हणावं लागतं. मग दुसरा आठवडा आला. घसरण पन्नास टक्क्यांच्याही आत राहिली. रॉकेट या रॅकूनच्या बालपणाची ती वेदनेने भरलेली गोष्ट लोकांनी एकमेकांना सांगितली, आणि चित्रपट ओपनिंगच्या तिप्पट कमावून, जगभरात ८४ कोटी ५० लाखांवर जाऊन थांबला. एकच कंपनी, एकच वर्ष, तीन महिन्यांचं अंतर. प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळला आहे, हे तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. या दोन चित्रपटांचे आकडे शेजारी ठेवले की ते पटत नाही.

नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, ‘द मार्व्हल्स’ आला. भारतात धनत्रयोदशीच्या दिवशी, आणि लक्ष्मीपूजनाला ‘टायगर ३’ समोर ठाकला. पण त्याचं दुखणं दिवाळीचं नव्हतं. त्याच्या आधीच्या भागाने, २०१९च्या ‘कॅप्टन मार्वल’ने, जगभरात ११३ कोटी डॉलर मिळवले होते, ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ यांच्या मधल्या काळात लागण्याचं भाग्य त्याला लाभलं होतं. ‘द मार्व्हल्स’ला जगभरात मिळाले २० कोटी ६० लाख. अमेरिकेत पहिल्या भागाचा पाचवा हिस्सा, बाहेर सहाव्या हिश्शाच्या आसपास. डिसेंबरात ‘अ‍ॅक्वामॅन’चा दुसरा भाग आला. अमेरिकेत साडेतेहेतीस कोटींवरून साडेबारा कोटींवर, बाहेर ८१ कोटींवरून ३१-३२ कोटींवर. दोन्हीकडे पहिल्या भागाच्या चाळीस टक्क्यांच्या आत, जवळपास एकाच प्रमाणात.

इथे थांबून मागे पाहायला हवं. २००७मध्ये, २०१४मध्ये घरची नाराजी बाहेर पोहोचत नव्हती, बाहेरचा बाजार पडझड सावरून धरत होता. २०२३मध्ये घर आणि बाहेर एकाच वेळी, एकाच मापाने कोसळले. चाचेगिरीच्या भीतीने चित्रपट जगभर एकाच आठवड्यात, कधी अमेरिकेच्याही आधी लावण्याची प्रथा स्टुडिओंनी स्वतः पाडली. त्यामुळे आता गुरुवारी दुपारी ठाण्यातल्या थिएटरातून बाहेर पडलेल्या मुलाचं मत शुक्रवारी शिकागोत पोहोचलेलं असतं आणि शिकागोतलं शनिवारी कोल्हापुरात. आधीच्या भागाची पुण्याई पूर्वी अमेरिकेत तीन दिवस आणि बाहेर तीन आठवडे पुरायची. आता ती सगळीकडे एक दिवस पुरते.

‘जोकर : फोली आ दू’ने हे फार कठोरपणे दाखवून दिलं. २०१९च्या ‘जोकर’ला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, वाकीन फिनिक्सला ऑस्कर, आणि चीनमध्ये न लागताही जगभरात १०७ कोटी डॉलर. दुसऱ्या भागात दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी लेडी गागाला घेऊन संगीतिका केली. भारतात तो गांधी जयंतीच्या सुटीला, २ ऑक्टोबर २०२४ला लागला, अमेरिकेच्या दोन दिवस आधी. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था १९७९पासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना थिएटराच्या दाराशीच एक छोटं कार्ड देते. प्रेक्षकाने कडेचे तुकडे दुमडून श्रेणी द्यायची, वय सांगायचं, का आलात ते सांगायचं. आवडत्या नायकासाठी पहिल्याच रात्री आलेले लोक सहसा हातचं राखत नाहीत, ‘ए’ किंवा ‘बी’ देऊन जातात. ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाला त्यांनी ‘डी’ दिली. ओपनिंग ३ कोटी ७७ लाख. पहिल्या भागाचं होतं ९ कोटी ६२ लाख. दुसऱ्या आठवड्यात ८१ टक्के घसरण. अमेरिकेत अखेर पाच कोटी ८३ लाख आणि बाहेर पंधरा कोटींच्या आसपास. सुमारे वीस कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाचा जगभरचा गल्लाच तेवढा झाला. फिलिप्स यांनी तोच साचा पुन्हा न काढण्याचं धाडस केलं, ही गोष्ट आदर करण्यासारखी आहे. पण त्या धाडसाला साजेसा खर्च ठेवला असता तर ते इतकं महाग पडलं नसतं; पहिला ‘जोकर’ याच्या सुमारे एक तृतीयांश पैशांत झाला होता.

त्याच वर्षी जुलैत ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने अमेरिकेत ६३ कोटी ६० लाख आणि जगभरात १३३ कोटी ८० लाख मिळवले, तेही मुलांना एकट्याने येण्याची बंदी असलेल्या ‘आर’ वर्गात. ह्यू जॅकमनने २०१७च्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिनला निरोप दिला होता, सात वर्षांनी तो मूळ कॉमिक्समधल्या पिवळ्या पोशाखात परतला. ऑक्टोबरात ‘व्हेनम’चा तिसरा भाग आला, अमेरिकेत १४ कोटींपर्यंत उतरला; पण चीनने या वेळी दार उघडलं, नऊ कोटींच्या वर दिले, आणि बाहेरची एकूण कमाई दुसऱ्या भागाच्या पुढे गेली. चीनचं दार उघडलं की अजूनही फरक पडतो. मात्र ते किती वेळ उघडं राहील आणि आत प्रेक्षक किती असतील हे आता सांगता येत नाही.

कारण तिथल्या प्रेक्षकाला स्वतःचा पुढचा भाग मिळाला आहे. ‘नेझा २’ हा अ‍ॅनिमेशनपट २९ जानेवारी २०२५ला, चिनी नववर्षाच्या दिवशी लागला. पुराणातला बंडखोर पोर नायक, २०१९च्या पहिल्या भागाने ५०० कोटी युआन कमावले होते. दुसऱ्याने १५०० कोटी युआनच्या वर. डॉलरमध्ये दोनशे कोटींच्या पुढे, आणि जवळपास सगळा पैसा एकाच देशातला. १४ फेब्रुवारीला ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ त्याच थिएटरांत लागला तेव्हा ‘नेझा’ अजून भरलेल्या पडद्यांवर होता. कॅप्टन अमेरिकेला तिथे दीड कोटी डॉलरच्या आसपास मिळाले; जगभरात साडेएकेचाळीस कोटी. एप्रिलमध्ये आयातशुल्काच्या भांडणात चीनने अमेरिकी चित्रपटांची आवक माफक कमी करण्याची घोषणा केली.

मार्वलने ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे. दिग्दर्शक पुन्हा रुसो बंधू, आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतो तो आयर्नमॅन म्हणून नव्हे, खलनायक डॉक्टर डूम म्हणून. ‘एंडगेम’ला चीनने दिलेले ६३ कोटी डॉलर या वेळी धरता येणार नाहीत. ती तूट अमेरिका, ब्रिटन, मेक्सिको, ब्राझील, कोरिया, भारत अशा बाजारांतून भरून काढायची तर पहिला शनिवार-रविवार पुरणार नाही; नाताळची सुटी धरून पुढचे किमान तीन आठवडे चित्रपट पडद्यावर टिकावा लागेल.